सुट्टीतील भेटी आणि मित्राचा हक्क



मे महिना लागला किंवा ईद जवळ आली की कोकणातील आपल्या मोहल्ल्यांना जाग येते. वर्षभर कुलूप असलेल्या घरांच्या खिडक्या उघडतात, अंगणे झाडली जातात आणि मशिदीच्या सफांमध्ये नवे-जुने चेहरे दिसू लागतात. दापोली, खेड, चिपळूण, श्रीवर्धन, म्हसळा या भागांत रोजीसाठी दूर गेलेला माणूस नाही असे मुस्लिम घर क्वचितच सापडेल. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कोणी बोटीवर खलाशी होते, कोणी दक्षिण आफ्रिकेत केपटाउनपर्यंत पोहोचले. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि आखाती देशांत कामे निघाली, तेव्हापासून कुवेत, कतार, दुबई, सौदी अरेबिया ही नावे शेजारच्या गावांइतकी ओळखीची झाली. मुंबई-पुण्याला नोकरीसाठी गेलेले तर असंख्य आहेत.

हे सारे लोक घरी येतात ते मोजक्या दिवसांसाठी. कोणाला ३० दिवसांची रजा मिळते, कोणाला १५, तर कोणाला ईदला जोडून ४ दिवस. या दिवसांत घराची कौले बदलायची असतात, आईला डॉक्टरकडे न्यायचे असते, जमिनीच्या कागदांसाठी तहसील कार्यालयात जायचे असते आणि दोन-तीन लग्नांना हजर राहायचे असते. मित्रांच्या वाट्याला उरते ती लग्नाच्या मांडवातील धावती गाठ. “एकदा निवांत बसू या,” असे दोघेही म्हणतात आणि तो निवांत दिवस येण्याआधीच परतीचे विमान येते.

तेव्हा मनात एक प्रश्न येतो. मित्राला भेटणे ही वेळ उरला तर करायची गोष्ट आहे काय? की त्याचाही आपल्यावर काही हक्क आहे आणि त्या हक्काची नोंद अल्लाहकडे होत असते?

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितलेली एक घटना सहीह मुस्लिममध्ये आहे. एक मनुष्य दुसऱ्या गावी राहणाऱ्या आपल्या एका बंधूला भेटायला निघाला. अल्लाहने त्याच्या वाटेवर एका फरिश्त्याला बसवले. फरिश्त्याने विचारले, कोठे निघालास? त्याने सांगितले की, या गावात माझा एक बंधू आहे, त्याच्याकडे चाललो आहे. फरिश्त्याने पुन्हा विचारले की, त्याच्याकडे तुझे काही घेणे आहे काय, एखादा लाभ आहे काय की ज्याची जपणूक करायला तू जात आहेस? तो म्हणाला, तसे काहीच नाही. मी केवळ अल्लाहसाठी त्याच्यावर प्रेम करतो. तेव्हा फरिश्त्याने त्याला शुभवार्ता दिली की, मला अल्लाहनेच तुझ्याकडे पाठवले आहे. जसे तू त्याच्यावर अल्लाहसाठी प्रेम केलेस, तसेच अल्लाहही तुझ्यावर प्रेम करतो.

या हदीसमधील फरिश्त्याचा प्रश्न लक्षात ठेवण्याजोगा आहे. तू किती दूरवरून आलास किंवा सोबत काय नेत आहेस, हे त्याने विचारले नाही. त्याने विचारले ते एवढेच की, या भेटीत तुझा काही लाभ आहे काय. हाच प्रश्न आपण आपल्या सुट्टीला विचारून पाहू या. या रजेत तुम्ही ज्यांच्या घरी गेलात त्यांची नावे आठवा. त्यांत किती जण असे होते की ज्यांच्याकडून तुम्हांला काही मिळण्याची आशा होती? ठेकेदार, ज्याच्या मुलीचे स्थळ पाहायचे आहे तो पाहुणा, तालुक्यात ज्याचे वजन आहे तो पुढारी. या भेटी गैर नाहीत. जगाचे व्यवहार त्यांवाचून चालत नाहीत. परंतु तुमच्या यादीत असा एक तरी मनुष्य होता काय, की ज्याच्याकडे तुमचे कोणतेही काम नव्हते? नसेल, तर तुमच्या संपूर्ण रजेत फरिश्त्याने विचारावा असा एकही रस्ता तुम्ही चालला नाहीत.

मित्रांच्या हक्काविषयी बोलण्यापूर्वी एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. हक्कांनाही क्रम असतो. प्रेषित (स.) प्रवासाहून परतले की आधी मशिदीत जात आणि दोन रकात नमाज अदा करीत. प्रवास हा यातनेचाच एक भाग आहे, म्हणून काम आटोपताच मनुष्याने आपल्या कुटुंबाकडे लवकर परतावे, अशी शिकवण त्यांनी दिली. म्हणजे प्रथम अल्लाहचा हक्क, नंतर घरच्यांचा, आणि मग इतरांचा. आपल्याकडे काही वेळा उलटेच घडते. दोन वर्षांनी आलेला मुलगा रात्री २ वाजेपर्यंत नाक्यावर मित्रांसोबत बसतो. घरी आई ताट झाकून जागी असते, पत्नी मुलांना निजवून वाट पाहत असते आणि सकाळी फज्रची नमाज झोपेत निघून जाते. याला मैत्रीचा हक्क म्हणत नाहीत. तीन हक्क मोडून चौथा पुरा करण्याचा तो प्रयत्न आहे, आणि त्याने चौथाही पुरा होत नाही.

या संदर्भात हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांची हकीकत मार्गदर्शक आहे. प्रेषितांनी (स.) मदीनेत या दोघांना भाऊ-भाऊ बनवले होते. एकदा सलमान (रजि.) आपल्या या भावाच्या घरी गेले, तेव्हा त्यांच्या पत्नीची अवस्था त्यांना विपन्न दिसली. विचारल्यावर कळले की, अबू दरदा (रजि.) यांना संसारात रसच उरलेला नाही, दिवसा रोजे आणि रात्रभर उपासना. सलमान (रजि.) यांनी त्यांना आपल्यासोबत जेवायला लावले, रात्री झोपायला लावले आणि रात्रीच्या अखेरच्या प्रहरी उठवून दोघांनी मिळून नमाज अदा केली. मग त्यांनी समजावले की, तुमच्यावर तुमच्या पालनकर्त्याचा हक्क आहे, तुमच्या स्वतःचा हक्क आहे आणि तुमच्या कुटुंबाचाही हक्क आहे. ज्याचा त्याचा हक्क ज्याला त्याला द्या. ही गोष्ट प्रेषितांच्या (स.) कानी गेली तेव्हा सलमानने खरे तेच सांगितले, असा निर्वाळा त्यांनी दिला.

मित्राच्या घरी पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाने तेथे काय पाहिले, हे ध्यानात घ्या. त्यांनी पाहुणचाराकडे न पाहता घरातील माणसांच्या चेहऱ्याकडे पाहिले. जे बिघडत होते ते त्यांना दिसले आणि मित्राशी आडपडदा न ठेवता त्यांनी ते सुधारले. दूरवरून आलेल्या मित्राची नजर ताजी असते. रोज पाहणाऱ्यांना जे दिसत नाही, ते त्याला दिसते. मित्राचा मुलगा शाळा सोडून भटकतो आहे, मित्राला व्यसन लागले आहे, सख्ख्या भावाशी त्याचे बोलणे बंद आहे, हे तुम्हांला दिसले आणि तुम्ही चहा पिऊन उठून आलात, तर भेट झाली असे म्हणता येईल. मैत्रीचा हक्क मात्र राहून गेला.

आता प्रश्न असा की, दिवस थोडे आहेत, तर प्रथम कोणाकडे जावे? आपल्याकडे जो भेटायला येतो त्यालाच आपण भेटतो. जो येऊ शकत नाही, त्याच्याकडे मात्र आधी गेले पाहिजे. अंथरुणाला खिळलेला मित्र, नुकताच पोरका झालेला वर्गमित्र, वडिलांचे वृद्ध दोस्त. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) मक्केच्या वाटेवर असताना त्यांना एक खेडूत अरब भेटला. त्यांनी आपले बसायचे गाढव आणि डोक्यावरचा साफा त्याला देऊन टाकला. सोबत्यांना नवल वाटले की, हे खेडूत तर थोडक्यातही राजी होतात. तेव्हा त्यांनी सांगितले की, या मनुष्याचे वडील माझ्या वडिलांचे मित्र होते, आणि वडिलांच्या स्नेह्यांच्या घरच्यांशी संबंध राखणे ही मोठी नेकी आहे, असे मी प्रेषितांकडून (स.) ऐकले आहे. तुमचे वडील हयात नसतील, तर मशिदीत पहिल्या सफेत खुर्चीवर बसून नमाज पढणाऱ्या त्यांच्या दोस्तांना शोधा. त्यांच्याकडे घटकाभर बसा. आपल्या दोस्ताचा मुलगा आला, एवढ्यानेच त्यांचे मन भरून येते, आणि तुमच्या वडिलांविषयी तुम्हांला ठाऊक नसलेली एखादी गोष्ट त्यांच्याकडूनच कळते.

भगिनींनाही हे तितकेच लागू आहे. चार दिवसांसाठी माहेरी आलेल्या मुलीचा वेळ स्वयंपाकघरात आणि खरेदीत जातो. बालपणीची मैत्रीण दोन गल्ल्या पलीकडे असते, कदाचित विधवा होऊन माहेरी परतलेली असते. आणि तिच्याकडे जायचे राहून जाते. हजरत खदीजा (रजि.) यांच्या निधनानंतरही प्रेषित (स.) बकरा कापला की त्यातील वाटे त्यांच्या मैत्रिणींकडे आठवणीने पाठवीत. पत्नी गेल्यावरही तिच्या मैत्रिणींचा हक्क त्यांनी संपला असे मानले नाही. पुढे प्रेषितांच्या (स.) वफातीनंतर हजरत अबू बक्र (रजि.) यांनी हजरत उमर (रजि.) यांना म्हटले की, चला, प्रेषित (स.) ज्यांना भेटायला जात असत, त्या उम्मे ऐमन (रजि.) यांना आपणही भेटून येऊ. उम्मे ऐमन (रजि.) यांनी प्रेषितांना (स.) लहानपणी सांभाळले होते. मुस्लिमांचा खलीफा आणि त्यांचे सर्वांत जवळचे सहकारी एका वृद्ध स्त्रीच्या घरी चालत गेले. आपल्याला वेळ नाही असे म्हणताना ही भेट आठवावी.

आता मी त्या मित्राविषयी सांगतो, ज्याच्यासाठी हा सारा लेख लिहिला आहे. तुम्ही गावी आल्यावरही जो तुम्हांला भेटायला येत नाही, तो मित्र.

आमच्या गावचे एक गृहस्थ कुवेतमध्ये नोकरीला आहेत. दोन वर्षांपूर्वी ते २१ दिवसांच्या रजेवर आले. एके दिवशी असरच्या नमाजनंतर ते माझ्याजवळ येऊन बसले. त्यांच्या बोलण्यात दुःख होते आणि थोडा रागही. म्हणाले, “मौलाना, ज्याच्यासोबत मी मदरशात नाझिरा शिकलो, खाडीत पोहलो, त्याला मी पाच वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नासाठी ६०,००० रुपये दिले. मी कधी मागितले नाहीत. पण आता तो माझ्याकडे फिरकत नाही. जुम्याची नमाजही पलीकडच्या मोहल्ल्यात पढतो. काल मी त्याच्या घरी गेलो. मुलगा म्हणाला, अब्बा घरी नाहीत. चपला दारातच होत्या.”

मी त्यांना हजरत अबुल यसर (रजि.) यांची हकीकत सांगितली. एका मनुष्याकडे त्यांचे काही येणे होते. ते त्याच्या घरी गेले, सलाम केला आणि विचारले. घरच्यांनी सांगितले की, तो नाही. इतक्यात त्याचा मुलगा बाहेर आला. त्याला विचारताच तो निरागसपणे बोलून गेला की, तुमचा आवाज ऐकून ते आईच्या पलंगाआड गेले आहेत. अबुल यसर (रजि.) यांनी हाक मारून त्याला बाहेर बोलावले आणि लपण्याचे कारण विचारले. त्याने खरे ते सांगितले. तुमच्याशी बोलावे तर खोटे बोलावे लागेल, वायदा करावा तर तो मोडावा लागेल, अशी मला भीती वाटली, तुम्ही तर प्रेषितांचे (स.) सोबती, आणि मी खरोखर तंगीत आहे. अबुल यसर (रजि.) यांनी त्याला अल्लाहची शपथ घालून हे खरे आहे काय, असे विचारले. त्याने शपथेवर होय म्हटले. तेव्हा कर्जाचा कागद मागवून त्यांनी आपल्या हाताने तो मजकूर पुसून टाकला आणि म्हटले की, फेडण्याइतके मिळाले तर फेड, नाहीतर तू मोकळा आहेस. कारण प्रेषितांकडून (स.) त्यांनी ऐकले होते की, जो तंगीत असलेल्या ऋणकोला मुदत देईल किंवा त्याचे कर्ज माफ करील, त्याला अल्लाह आपल्या छायेत जागा देईल.

ते गृहस्थ बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारले, “म्हणजे तो माझ्यावर रागावून लपत नाही?” मी म्हटले, “ज्याला तुमची पर्वा नसती, तो लपला नसता. तो तुमच्यासमोर उजळ माथ्याने बसून चहा प्याला असता.”

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्या दारी गेले. पुन्हा तेच उत्तर मिळाले. सूरह नूरमध्ये अल्लाहने शिकवले आहे की, परवानगीवाचून दुसऱ्याच्या घरात शिरू नका, आणि परत जा म्हटले तर परत जा; तेच तुमच्यासाठी अधिक निर्मळ आहे. ते परत फिरले, मात्र मुलाला एवढेच सांगून, “अब्बांना सांग, मी पैशांसाठी आलो नव्हतो. इशानंतर हौजावर बसतो आहे.”

इशाची नमाज झाली, लोक घरोघरी गेले, आणि तो मित्र आला. हौजाच्या काठावर दोघे बसले. कुवेतच्या गृहस्थांनी सांगून टाकले की, ते पैसे मी माफ केले. यावर मित्राने जे उत्तर दिले ते मला नंतर कळले, आणि मी ते विसरू शकलेलो नाही. तो म्हणाला, “माफ करू नकोस. मी रिक्षा चालवतो, कमावता आहे. मला मुदत दे.”

बंधूंनो, सूरह बकराच्या २८०व्या आयतीत दोन्ही गोष्टी आहेत. ऋणको तंगीत असेल तर त्याला सुबत्ता येईपर्यंत मुदत द्यावी, आणि माफ करणे तुमच्यासाठी अधिक चांगले. माफीची थोरवी निर्विवाद आहे. परंतु ज्याला ताठ मानेने फेडायचे आहे त्याच्यावर माफी लादली, तर तो आयुष्यभर तुमच्यासमोर मान खाली घालून बसेल. मुदत मागणाऱ्याला आनंदाने मुदत देणे, हेही त्याच छायेचे कारण आहे. हदीसमध्ये तिचा उल्लेख माफीच्या बरोबरीने आला आहे. त्यांनी महिना १,००० रुपये ठरवले आणि साक्षीदारांसमोर कागदावर लिहून ठेवले. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत कर्ज लिहून ठेवण्याविषयीच आहे. ज्या मित्राशी आपला पैशांचा व्यवहार होतो, त्याच्याशी तो लिहून ठेवण्यात अविश्वास नाही. पाच वर्षांपूर्वीच हे लिहिले असते, मुदत ठरली असती, तर दोन वेळा खोटे सांगण्याची पाळी त्या मुलावर आली नसती.

परतीच्या दिवशी त्या मित्राने आपल्या रिक्षातून त्यांना रेल्वे स्टेशनवर सोडले. भाडे घेतले नाही. यांनीही आग्रह केला नाही. मित्राला देऊ देणे, हेही कधी कधी त्याच्या हक्कात मोडते.

तुमचा जो मित्र तुम्ही आल्याचे कळूनही आलेला नाही, त्याच्याविषयी म्हणूनच वाईट विचार करण्याची घाई करू नका. काही वेळा कारण पैसा नसतो. त्याच्या घरात पाहुण्याला बसवायला धड जागा नसते. त्याची नोकरी गेलेली असते. तुमच्या नव्या बंगल्याच्या फाटकातून आत यायला त्याला संकोच वाटतो. आणि जर जुने भांडण असेल, तर प्रेषितांची (स.) ताकीद स्पष्ट आहे की, मुस्लिमाने आपल्या भावाशी तीन दिवसांहून अधिक अबोला धरू नये; दोघांपैकी उत्तम तो, जो सलामाला सुरुवात करतो. ज्याची रजा संपत आली आहे त्याने तरी, आधी कोण, हा हिशेब ठेवू नये. पुढच्या रजेपर्यंत आपण असू किंवा तो असेल, याची हमी कोणालाच मिळालेली नाही.

भेटीला गेल्यावर काही पथ्ये पाळली पाहिजेत. तिकडचा पगार, गाडी, घराचा आकार यांचे वर्णन करीत बसू नये. मित्राला, अजून तू इथेच काय, असे विचारू नये. त्याने आपल्या वृद्ध आई-वडिलांसाठी गाव सोडले नसेल, तर त्याने तुमच्याहून मोठी कमाई केलेली आहे. अत्तर, खजूर, चॉकलेट जे आणले असेल ते प्रेमाने द्यावे, पण कोणाला काय दिले याची चर्चा करू नये. देण्याजोगे काही नसेल, तर रिकाम्या हाताने पण हसऱ्या चेहऱ्याने जावे, भावाला हसतमुखाने भेटणे ही नेकीसुद्धा क्षुल्लक समजू नका, असे प्रेषितांनी (स.) शिकवले आहे. मित्रांचे टोळके जमले की, जो हजर नाही त्याचा विषय निघतो. सूरह हुजुरातमध्ये पाठीमागे निंदा करणे हे मेलेल्या भावाचे मांस खाण्यासारखे म्हटले आहे. दोन वर्षांनी मिळालेली बैठक अशा पंगतीत घालवू नका.

गावी राहणाऱ्या बंधूंनाही एक विनंती आहे. आलेला मित्र थकून आलेला असतो. तिकडे तो १० जणांच्या खोलीत राहत असेल, उन्हात काम करीत असेल. हे तो सांगत नाही. पहिल्याच भेटीत व्हिसा, मोबाइल किंवा उसने पैसे मागू नका. तो मोठा झाला आहे, आता आपल्याकडे कसा येईल, असे मनाशी ठरवून घरी बसू नका. तुमच्या घरचे तांदळाचे घावन आणि माशाचे कालवण त्याने दोन वर्षे खाल्लेले नाही. त्याला बोलवा.

आपल्या शाळेतील मित्रांत मुस्लिमेतर बांधवही असतात, शिक्षकही असतात. त्यांच्याकडेही अवश्य जा. जे तुमच्याशी धर्मावरून लढले नाहीत, ज्यांनी तुम्हांला घराबाहेर काढले नाही, त्यांच्याशी सद्वर्तन आणि न्याय करण्यास अल्लाह मनाई करीत नाही, हे सूरह मुम्तहिनात स्पष्ट केलेले आहे. प्रेषितांची (स.) सेवा करणारा एक यहुदी मुलगा आजारी पडला, तेव्हा ते स्वतः त्याच्या समाचारासाठी त्याच्या घरी गेले होते. ज्या गुरुजींनी तुम्हांला बाराखडी शिकवली त्यांचे दार तुमच्यासाठी परके नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. सगळीच मैत्री जपण्याजोगी नसते. सूरह जुख्रुफमध्ये सांगितले आहे की, त्या दिवशी मित्र एकमेकांचे शत्रू होतील. अपवाद फक्त अल्लाहचे भय बाळगणाऱ्यांचा. जी टोळी तुम्ही आलात की दारू, जुगार अशा अड्ड्यांवरच भेटते, तिच्यापासून दूर राहणे हेच योग्य आहे. परंतु त्यातील एखाद्याला एकट्याने गाठून मशिदीच्या पायरीपर्यंत आणता आले, तर ती तुमच्या रजेची सर्वांत मोठी कमाई ठरेल.

आणि मग निघण्याचा दिवस येतो. प्रेषितांनी (स.) सात प्रकारच्या लोकांविषयी सांगितले आहे की, ज्या दिवशी अल्लाहच्या छायेवाचून दुसरी छाया नसेल, त्या दिवशी ते तिच्याखाली असतील. त्यांत अशी दोन माणसे आहेत, ज्यांनी अल्लाहसाठी एकमेकांवर प्रेम केले, त्याच प्रेमावर ती एकत्र आली आणि त्याच प्रेमावर एकमेकांपासून वेगळी झाली. हदीसमध्ये एकत्र येण्यासोबत वेगळे होण्याचाही उल्लेख आहे, हे दूरदेशी राहणाऱ्यांसाठी मोठे समाधान आहे. आपल्या नशिबात भेटीचे दिवस थोडे आणि विरहाचे अधिक आहेत. पण तो विरह अल्लाहसाठी असलेल्या प्रेमावर झाला असेल, तर त्याचाही हिशेब त्या छायेत होणार आहे. हजरत अबुल यसर (रजि.) यांनी कर्जदाराला मोकळे करताना जिची आशा धरली, तीच ही छाया.

सहाबींविषयी अशी रिवायत आहे की, त्यांच्यातील दोघे भेटले की एकाने दुसऱ्याला सूरह अस्र ऐकवल्याशिवाय ते वेगळे होत नसत. काळाची शपथ असलेली ती छोटीशी सूरह निरोप घेताना आपणही मित्राला ऐकवू या. विमानात बसल्यावरही मैत्रीचा हक्क संपत नाही. भावाच्या पाठीमागे त्याच्यासाठी केलेली दुआ कबूल होते, आणि दुआ करणाऱ्यासाठी नेमलेला फरिश्ता आमीन म्हणून तुलाही तसेच लाभो असे म्हणतो, ही शुभवार्ता प्रेषितांनी (स.) दिली आहे. तिकडे फज्रनंतर आपल्या मित्राचे नाव घ्या. इकडे तो तुमचे घेईल.

या वेळी रजेवर आलात की कामांच्या यादीत एक नाव अधिक लिहा. ज्याच्याकडे तुमचे काहीच काम नाही, किंवा ज्याने तुमच्याकडे येणे सोडले आहे, अशा एकाचे. रजेच्या पहिल्या आठवड्यातच त्याच्या दारी जा. शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका.

अल्लाह आपल्या सर्वांच्या मनांतील कटुता दूर करो, कर्जाखाली दबलेल्यांची कर्जे सुलभ करो, दूर असलेल्या आपल्या माणसांना सुखरूप घरी आणो, आणि ज्यांच्यासोबत आपण इथे बसलो त्यांच्यासोबत आपल्याला आपल्या छायेत बसवो. आमीन.